थरथर कधी सुरू होते, ते घड्याळात पाहा

गाडी घरून निघते तेव्हा तिची काहीच तक्रार नसते. पंधरा-वीस किलोमीटर झाले, मोठा रस्ता लागला, की सीटच्या खालून बारीक थरथर सुरू होते. चहाला अर्धा तास थांबून पुन्हा निघावे तर ती गेलेली असते. परवा होती, काल नव्हती, आज पुन्हा आहे. अशी तक्रार घेऊन माणूस आधी टायरच्या दुकानात जातो. तिथे व्हील बॅलन्सिंग होते, अलाइनमेंट होते, मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे जातात. दोन-चार दिवस बरे वाटते, कारण त्या दिवसांत ती यायचीच नव्हती. मग पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार होतो, आणि त्याचे कारण चुकीच्या प्रश्नात आहे. टायरवाला, मिस्त्री, शेजारी, सगळे विचारतात, ‘किती स्पीडला होते?’ जी थरथर कधी असते आणि कधी नसते, तिच्या बाबतीत त्याआधी विचारायला हवे ते हे: निघाल्यापासून किती वेळाने होते, आणि थांबल्यावर किती वेळाने जाते? उत्तर ‘गाडी तापल्यावर येते, निवल्यावर जाते’ असे असेल तर टायरच्या आधी हँडब्रेककडे पाहावे.

वेळेला एवढे महत्त्व का, ते आधी समजून घेऊ. चाकाचे वजन एका बाजूला जास्त असेल किंवा रिम वाकलेली असेल, तर तो दोष सकाळी जेवढा असतो तेवढाच दुपारी असतो. ठरावीक वेगाला, बहुधा ताशी ऐंशीच्या पुढे, तो जाणवतो. गाडी गार असो वा गरम, त्याला फरक पडत नाही. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली असेल तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. त्याचा क्रम नेमका उलटा असतो: निघताना धडधड, आणि टायर गरम होऊन गोल झाला की शांतता. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या मागच्या ड्रमला गंज धरतो. सकाळी निघताना ‘खट्’ असा आवाज येतो, पहिल्या काही ब्रेकना चाक अडखळल्यासारखे वाटते आणि गंज घासून गेला की संपते. म्हणजे कायमचा दोष, गारपणी येऊन जाणारा दोष आणि तापल्यावर येणारा दोष ही तीन वेगळी घराणी आहेत. तिसऱ्या घराण्यात संशयित फार थोडे उरतात, कारण चाकापाशी उष्णता निर्माण करणाऱ्या गोष्टीच थोड्या आहेत: घासणारा ब्रेक किंवा खराब झालेले बेअरिंग. बेअरिंग बहुधा आवाजावरून स्वतःची ओळख देते. त्याची घरघर वेगाबरोबर वाढते आणि वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की बदलते. घरघर नसेल तर घासणारा ब्रेक शोधायचा. आणि थरथर स्टिअरिंगमध्ये न येता सीटमध्ये किंवा पायाखालच्या पत्र्यात जाणवत असेल, तर बहुतेक वेळा मागच्या चाकांपासून सुरुवात करावी.

मागची चाके म्हटली की हँडब्रेक आलाच. मारुती स्विफ्ट, वॅगन-आर, टाटा टियागो अशा आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. आपण हँडब्रेकचा दांडा ओढतो तेव्हा पोलादी तारांची एक केबल ताणली जाते. ती ड्रममधला एक छोटा तरफेसारखा लिव्हर ओढते आणि दोन्ही ब्रेक शू ड्रमच्या आतल्या कडेवर दाबले जातात. दांडा खाली केला की केबलने सैल पडायचे आणि शूंना स्प्रिंगने मागे खेचायचे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लावताना आपल्या हाताची ताकद असते, सोडताना मात्र सगळा भरवसा त्या स्प्रिंगवर असतो. केबलच्या बाहेरच्या आवरणाला चीर गेली, त्यातून पाणी आणि चिखल आत शिरला, आतली तार गंजली, की हात ती ओढू शकतो पण स्प्रिंगला ती पूर्ण परत आणता येत नाही. दोन-तीन मिलिमीटर ती अडकून राहते, आणि शूवरचे लायनर व ड्रम यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशातच असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने पाण्यातून चालणाऱ्या गाड्यांचा हा ठरलेला आजार असावा यात नवल नाही. किती अडकेल हे मात्र रोज सारखे नसते. दांडा किती जोरात ओढला, रात्री पाऊस पडला का, गाडी किती तास उभी होती यावर ते बदलते. थरथर एक दिवस येते आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, याचे पहिले कारण हे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ब्रेक लागून राहिला असता तर गाडी चालवताना कळले नसते का? थोडे गणित करून पाहू. मागच्या एका चाकावर फक्त शंभर न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका अडथळा आहे असे धरा. एक टन वजनाच्या गाडीला एवढा अडथळा म्हणजे शंभर फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यासारखा. असा चढ डोळ्यांना सपाट दिसतो आणि कोणत्याही चालकाचा पाय त्याची दखल घेत नाही. पण ताशी 72 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला वीस मीटर जाताना, तोच अडथळा दोन हजार वॅट उष्णता तयार करतो. न्हाणीघरातला गिझर साधारण एवढ्याच ताकदीचा असतो. बादलीभर पाणी कढत करणारी ही उष्णता काही किलो वजनाच्या एका बिडाच्या ड्रममध्ये सलग वीस मिनिटे ओतली जात असते. पायाला काही कळत नाही आणि चाक मात्र भाजून निघते, यात विसंगती काहीच नाही. मायलेज थोडे कमी झालेले असते, पण ते एसीच्या आणि ट्रॅफिकच्या खात्यावर टाकले जाते.

उष्णतेतून थरथर कशी जन्मते, हेही पाहण्यासारखे आहे. वीस सेंटिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम दीडशे अंशांनी तापला तर त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश वाढतो. ही वाढ सगळीकडे सारखी झाली असती तर तक्रार नव्हती. उलट ड्रम फुगून लायनरपासून दूर गेला असता. पण घासणे सगळीकडे सारखे नसते. काही भाग जास्त तापतो, ड्रमचा गोलपणा किंचित बिघडतो, आणि फिरणारा ड्रम पुढच्या शूला प्रत्येक फेरीत एकदा-दोनदा आत ओढून घेतो. ड्रम ब्रेकमधला हा शू मुळातच असा बसवलेला असतो की ड्रम स्पर्श करताच तो आणखी जोराने दाबला जावा. थांबताना जो गुण, तोच इथे दोष होतो. लहान गाडीचे चाक 72 च्या वेगाला सेकंदाला साधारण दहा फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला दहा-वीस हलके झटके, आणि शरीराला तीच थरथर वाटते. ड्रम आणखी फुगला की पकड सुटते, थरथर कमी होते. थोडा निवला की पुन्हा धरतो. एकाच प्रवासात ती येते-जाते याचेही कोडे असे सुटते. मागे डिस्क असलेल्या गाड्यांत मात्र ही सुटका नाही. तिथे तापलेली डिस्क जाड होऊन पॅडकडेच सरकते, त्यामुळे पकड सैल होण्याऐवजी वाढत जाते.

दुसरा आक्षेप डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचा. ‘दिवा विझलेला आहे, म्हणजे हँडब्रेक सुटलेला आहे,’ असे पुष्कळ जण धरून चालतात. केबलच्या गाड्यांत त्या दिव्याचे बटण दांड्यापाशी असते, चाकापाशी नसते. दांडा खाली गेला एवढीच साक्ष तो देतो. चाकात शू मागे आले की नाही, हे त्याला ठाऊकच नसते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘गॅरेजमध्ये दाखवली, चाके उचलून पाहिली, मोकळी फिरतात म्हणाले.’ मिस्त्री खोटे बोलत नसतो. गाडी सकाळी गॅरेजमध्ये येते, दुपारपर्यंत रांगेत उभी राहते, आणि तिचा नंबर येतो तेव्हा ती पूर्ण निवलेली असते. शिवाय रांगेत ती पुढे-मागे सरकवताना कोणी हँडब्रेक लावलेलाच नसतो. म्हणजे दोष दाखवायला ज्या दोन गोष्टी लागतात, उष्णता आणि ओढलेली केबल, त्या दोन्ही तिथे गैरहजर असतात. मोकळी फिरणारी गार चाके निर्दोषपणाचा पुरावा नव्हेत. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावावा तसे ते आहे.

म्हणून पुरावा स्वतः गोळा करावा, आणि त्याला अवजारे जवळजवळ लागतच नाहीत. सर्वांत भरवशाची चाचणी अशी. आठवडाभर सपाट जागेत गाडी उभी करताना हँडब्रेक लावू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवा, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर किंवा वीट लावा. उतारावर हा प्रयोग करू नका. तिथे हँडब्रेक हवाच. त्या आठवड्यात नेहमीच्याच रस्त्याने, नेहमीच्याच वेगाने जा. पुढच्या आठवड्यात हँडब्रेक रोज नीट, घट्ट ओढा. पहिल्या आठवड्यात थरथर नाही आणि दुसऱ्यात ती परत आली, तर तुमच्या हातात नुसता संशय राहत नाही. कारण काढले की परिणाम जातो आणि कारण परत आणले की परिणाम परत येतो, यापेक्षा चांगला पुरावा महागडे यंत्रही देणार नाही. दोन्ही आठवड्यांत सारखीच थरथर असेल तर हँडब्रेकची केबल बहुधा निर्दोष आहे आणि शोध दुसरीकडे न्यायला हवा. एक पळवाट मात्र लक्षात असू द्या: केबल आधीच अडकलेली असेल, तर पहिल्या आठवड्यातही ती अडकलेलीच राहील. त्यासाठी प्रयोगाआधी केबल चाकापर्यंत मोकळी झाली आहे ना, हे पाहून घ्यावे.

दुसरी चाचणी तापमानाची. थरथर सुरू झाली की शक्यतो ब्रेक न दाबता, गिअर उतरवत, गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी आणा. मागच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. टेकवू नका, भाजेल. एका बाजूला धग आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, असे असेल तर दोषी चाक सापडले. मागच्या चाकाची तुलना मागच्याच चाकाशी करायची. पुढचे ब्रेक नेहमीच जास्त काम करतात आणि जास्त तापतात, त्यांच्याशी तुलना करून उपयोग नाही. दुरून तापमान मोजणारी छोटी बंदुकीसारखी उपकरणे आता सहज मिळतात, पण चकचकीत अलॉय रिमवर ती हमखास कमी आकडा दाखवतात. रोख फटीतून थेट ड्रमवर धरावा. करपल्यासारखा वास येत असेल तर तोही लिहून ठेवण्यासारखा. पाणी ओतून ड्रम गार करण्याचा मोह मात्र टाळा. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले की तडा जाऊ शकतो, आणि मग हँडब्रेक हा तुमचा लहानातला लहान प्रश्न ठरेल. मागची दोन्ही चाके सारखीच तापलेली असतील, तर दोष एका बाजूच्या केबलचा नसून दोन्ही केबलना ओढणाऱ्या पुढच्या भागाचा आहे, किंवा कोणीतरी केबल गरजेपेक्षा घट्ट करून ठेवली आहे. मागची दोन्ही गार आणि पुढचे एकच चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले असेल, तर हा लेख तुमच्या गाडीचा नाही. पुढच्या कॅलिपरची सरकपिन अडकली आहे का ते पाहा.

आता गॅरेजमध्ये जायचे, पण गाडी तापलेली असताना, आणि आधीच सांगून, की आल्या आल्या चाक उचलायचे आहे. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत गिअर टाकलेला, पुढच्या चाकांना पाचर, हँडब्रेक खाली. बोलेरो किंवा ईकोसारख्या मागची चाके ओढणाऱ्या गाडीत न्यूट्रल ठेवावा लागतो आणि डिफरन्शियलचा थोडा अडथळा गृहीत धरावा लागतो. दोन्ही मागची चाके हाताने फिरवून कोणते जड आहे ते पाहायचे. जड चाक सापडले की पुढचा क्रम महत्त्वाचा, कारण घाईत इथेच चुकीचा भाग बदलला जातो. आधी केबल दांड्यापाशी सैल करावी. चाक मोकळे झाले तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या ताणात आहे. नाही झाले तर त्या चाकाचा ब्लीडर निपल किंचित उघडावा. तेवढ्याने चाक सुटले तर ब्रेक ऑइलचा दाब आत अडकून राहत आहे. मग ब्रेकचा रबरी होज किंवा मास्टर सिलिंडर तपासावा, हँडब्रेकला बोल लावू नये. निपल उघडूनही चाक जडच असेल तर ड्रम काढण्यावाचून इलाज नाही. गंजलेला लिव्हर, ताण गेलेली स्प्रिंग, किंवा शू सरकतात त्या पत्र्याला पडलेल्या खाचा, यांपैकी काहीतरी आत असणार, किंवा केबल आवरणातच गंजून अडकलेली असणार. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणीही तिच्याखाली जाऊ नये, आणि ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

दुरुस्तीच्या बाबतीत एक सवय मोडायला हवी. ‘केबल थोडी लूज करून देतो’ या वाक्याने थरथर जाते, गिऱ्हाईक खूश होते, आणि पुढच्या घाटात गाडी हँडब्रेकवर उभी राहत नाही. गंजलेली केबल सैल करणे म्हणजे दोष न काढता ब्रेक काढणे. तिच्यात ऑइल सोडूनही फार काळ निभावत नाही. ते धूळ धरून ठेवते, आणि फाटलेले आवरण तसेच राहते. केबल बदलावी, तिचा खर्च ड्रम आणि लायनरच्या मानाने कमी असतो. उलटी चूकही तितकीच सर्रास होते. लायनर झिजले की दांडा जास्त वर येतो, आणि तो खाली आणण्यासाठी केबल आवळली जाते. त्यामुळे ड्रममधला लिव्हर आपल्या विसाव्याच्या जागी परतत नाही, आणि अनेक गाड्यांत शूंची फट आपोआप नीट राखणारी रचनाही त्यामुळे बंद पडते. योग्य क्रम असा की आधी ड्रममध्ये शूंची फट नीट करायची, मग केबलचा ताण. दांडा किती ‘कट-कट’ आवाजांत घट्ट व्हावा, हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. ड्रम उघडलाच आहे तर त्यावर निळसर डाग आहेत का, लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्या. ड्रम लेथवर घासून घेता येतो, पण त्यावर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच. लायनर बदलायचे तर दोन्ही चाकांचे, आणि त्याबरोबर तापून मऊ पडलेल्या स्प्रिंगाही. मागे डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर बहुधा केबलच नसते. कॅलिपरवर मोटर असते, आणि स्कॅनरने ती सर्व्हिसच्या स्थितीत नेल्याशिवाय पिस्टन मागे रेटायचा नसतो.

इतकी थरथर सहन करून गाडी चालवली तर बिघडले कुठे, असाही एक सूर असतो. बिघडते ते ब्रेक ऑइलमध्ये. डॉट 3 दर्जाचे नवे ऑइल 205 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे. हवेतला ओलावा शोषून जुने झालेल्या ऑइलसाठी तोच आकडा 140 वर येतो. तापलेल्या ड्रमच्या आतच चाकाचा ब्रेक सिलिंडर असतो. तिथे ऑइलचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखे आत जाते, आणि हे घाट उतरताना, म्हणजे नेमके नको तेव्हा, घडण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून केबलबरोबर ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले होते, हेही विचारून घ्यावे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग हँडब्रेक वापरायचाच नाही, भानगडच नको. पावसाळ्यात गाडी आठवडाभर सपाट जागेत उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक न लावणे खरोखरच शहाणपणाचे. लायनर ड्रमला गंजून चिकटत नाही. पण कधीच न वापरलेली केबल सैल अवस्थेत गंजते, आणि ज्या दिवशी चढावर नाइलाजाने ती जोरात ओढावी लागते, त्याच दिवशी परत येत नाही. पुष्कळ गाड्यांची थरथर अशाच एखाद्या घाटातल्या मुक्कामानंतर सुरू होते, आणि मालक तिचा संबंध खराब रस्त्याशी जोडत राहतो. रोज थोडी हलणारी केबल जास्त टिकते.

दुरुस्तीनंतर बिल देण्याआधी एक काम करून घ्या. मिस्त्रीला बरोबर घेऊन त्याच रस्त्यावर तेवढेच पंधरा-वीस किलोमीटर जा, वाटेत दोनदा थांबून हँडब्रेक घट्ट ओढा आणि सोडा, आणि परत आल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ पुन्हा तळहात न्या. दोन्हीकडे सारखीच कोमट धग लागली तर पैसे द्या. एका बाजूला अजून जास्त लागत असेल, तर गाडी तापलेली आहे तोवरच तिला परत वर उचलायला सांगा.